हवा बरी म्हणणारा पाहुणा

मी एक जुनी बाज आहे आणि माझी हवेबद्दल काहीएक तक्रार नाही. मित्रांनो, सगळ्या निमोणे गावात असं म्हणणारी मी एकटीच. मला तोंड नाही, म्हणून खपून जातं.

माझे पाय बाभळीचे. सुतारानं ते तासायला घेतले तेव्हा मी जगात पहिलं वाक्य ऐकलं ते असं : "लाकूड ब्येस हाय, पर ही हवा दमट. फुगंल." चार दिवसांनी ऊन पडलं. मग म्हणाला, "आता तडकंल." मी फुगले नाही आणि तडकलेही नाही. त्यावर मात्र तो काही बोलला नाही. हवेनं चांगलं काही केलं तर त्याची दखल घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

तिथून मला म्हस्कू आबांनी घरी आणलं, घायपाताच्या सुंभानं विणलं आणि अंगणातल्या लिंबाखाली टाकलं. आबांचं रान थोडकंच. विहिरीजवळ कांदा, वर माळाला बाजरी. ही दोन पिकं एका घरात असली की माणसाला बोलायला विषय कमी पडत नाही. पाऊस आला की आबा कांद्याचे वकील होत, आणि पाऊस गेला की बाजरीचे. संध्याकाळी शेजारचे म्हाळू आप्पा माझ्या पायथ्याशी येऊन टेकत.

"जयभीम, आबा."

"जयभीम. बस. काय उकडतंय रं हे!"

"उकडतंय म्हंजी! काल बरं होतं."

काल मी तिथंच होते. काल या दोघांनी परवाची आठवण काढून उसासे टाकले होते.

सुरुवातीला मला वाटायचं, ही माणसं फार दुःखी आहेत. मग बाहत्तर साल आलं. विहीर आटली, माळ पांढरा पडला, घरातली सगळी मोठी माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जाऊ लागली. त्या सबंध उन्हाळ्यात माझ्यावर बसून हवेला कोणी एक शब्द बोललं नाही. आबा येत, बसत, पाणी पीत, आडवे होत. मित्रांनो, ती शांतता मला सोसवली नाही. पुढच्या साली पाऊस चांगला झाला आणि तिसऱ्याच दिवशी आबा कडाडले, "आता पुरं की! काय घर बुडीवतो का काय?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. या घरात चूल नीट पेटली आहे, हे मी त्या ओरडण्यावरून ओळखलं.

आता खरी गोष्ट सांगते. ती आबांच्या लेकीची, धुरपदाची.

धुरपदाला दौंडच्या जालिंदरचं स्थळ आलं. पोरगा रेल्वेच्या यार्डात कामाला, आईबाप नाहीत, कुशाबाई नावाच्या आत्यानं वाढवलेला. आबांना वाटत होतं, पोरीनं त्याला कधी पाहिलेलं नाही. पण तिनं त्याला तळेगाव ढमढेऱ्याच्या एका लग्नात पाहिलं होतं. पंक्तीत वाढताना तो उन्हाला अशा काही शेलक्या शिव्या घालत होता, की बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. धुरपदा तर घरी येऊनही हसत होती. मला तो पसंत आहे, हे तिनं आईला, म्हणजे साखरबाईंना, सांगितलं. साखरबाईंनी आबांना सांगितलं नाही. मला ठाऊक, कारण त्या वेळी दोघी माझ्यावरच बसून गवार मोडत होत्या.

पाहुणे आले ते ऐन वैशाखात, दुपारच्या एस.टी.नं. उन्हाळ्यात माझा सुंभ सैल पडतो. त्यामुळे जालिंदर माझ्यावर बसला तो गुडघे कानाला लागेपर्यंत खाली गेला. लिंबाची सावली तोवर भिंतीकडे सरकलेली. ऊन थेट त्याच्या टाळक्यावर. कपाळाचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबत होता आणि मग माझ्यावर पडत होता.

आबांनी पाहुणचाराचं पहिलं वाक्य टाकलं, "लई उकाडा हाय न्हाई यंदा?"

जालिंदर म्हणाला, "न्हाई, मामा. हवा बरी हाय."

आबा दचकले. त्यांना वाटलं, ऐकू आलं नसेल. "आवो, उकाडा! ऊन!"

"ऊन कसं ग्वाड हाय. बरं वाटतंय."

"आन् वारं? झाडाचं पान हालंना."

"शांत वाटतंय, मामा."

आबांनी आयुष्यात असा माणूस पाहिला नव्हता. ते पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्तानं आत गेले. काय बोलले ते साखरबाई पुढं माझ्यावर बसून आल्यागेल्याला अनेकदा सांगत. "ह्ये पोरगं लबाड हाय," आबा म्हणाले. "टाळकं भाजतंय आन् म्हणतंय ग्वाड हाय! उद्या पोरीला उपाशी ठिवलं तरी म्हणंल, समदं बरं हाय. कांदेपोहे घाला, आन् लावा वाटंला."

पडद्याआड पोहे भरताना धुरपदानं ते सगळं ऐकलं.

इकडे माझ्यावर कुशाबाई भाच्याच्या कानाशी लागल्या होत्या. "शाब्बास. आस्सं बोल. कवठ्याला ध्यान ठिवलं न्हाईस आन् सोयरीक घालवलीस." कवठे येमाईला मागल्या साली त्यानं बसल्या बसल्या म्हटलं होतं, तुमच्या गावात फार उकडतं. यजमान भडकले. आमच्या गावाला नावं ठेवतो! आता त्या यजमानांनी स्वतः सकाळपासून उन्हाला किती नावं ठेवली असतील ते मोजायला तिथली एखादी बाजच पाहिजे. पण आपल्या गावचं ऊन हे आपल्या बायकोसारखं असतं. आपण बोलावं, परक्यानं बोलू नये.

तर धुरपदा पोहे घेऊन बाहेर आली. रिवाजाप्रमाणे तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. तिनं खाली मान घालून सांगितलं. "तुला काही विचारायचं का?" असं कुशाबाई उगाच शिष्टाचार म्हणून म्हणाल्या. अशा वेळी मुलीनं मान हलवून नाही म्हणायचं असतं. धुरपदानं मान वर केली.

"दौंडात बी हवा अशीच बरी असती का वो?"

कुशाबाईंनी भाच्याच्या पाठीला चिमटा काढला. चिमटा इतका जोरात होता की मला कळला. जालिंदरनं धुरपदाकडे पाहिलं. ती हसत नव्हती, पण हसू तिच्या ओठाच्या काठापर्यंत आलं होतं. पोरगं घोटाळलं. माझ्यात जरा आणखी रुतलं. आणि मग बांध फुटला.

"दौंडात? दौंडात हवा बरी? आवो, दुपारी रुळावर भाकर टाका, पापड व्हतोय! लोखंडाला हात लावला तर कातडं तिथंच ऱ्हातंय. थंडीत इंजिनाला मिठी माराविशी वाटती. पावसाळ्यात असा चिखल व्हतोय, पाय निघतोय, चप्पल न्हाई निघत. आन् वारं? वारं येतंय तवा समदा कोळसा डोळ्यात आणतंय. देवानं, न्हाई म्हंजी निसर्गानं, दौंडावर काय डूख धरलाय कोण जाणं!"

कुशाबाईंनी डोळे मिटून घेतले. आणखी एक सोयरीक गेली.

आबा तांब्या घेऊन उभे होते ते हळूच माझ्यावर टेकले. मी आणखी खाली गेले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"पापड?" ते म्हणाले. "आमच्या हितं या की वो पाव्हणं! पापडाचं काय घिऊन बसलात. आमच्या माळावर धोंडं फुटत्यात."

"फुटत असत्याल, मामा. पर धोंड्यावर माणसाला डिवटी करावी लागत न्हाई."

"डिवटी? आन् कांद्याला रातचं पाणी कोण देतंय, दौंडचा ठेसन मास्तर?"

मित्रांनो, एका हवेसाठी दोन माणसं इतक्या आनंदानं भांडलेली मी पुन्हा पाहिली नाहीत. म्हाळू आप्पा आवाज ऐकून कुंपणावरून आले आणि कोणाची बाजू घ्यायची हे ठरण्याआधीच बोलायला लागले. ऊन खाली उतरेपर्यंत सोयरीक जमली होती. ती कधी जमली हे कोणालाच सांगता आलं नाही, कारण त्याबद्दल कोणी बोललंच नव्हतं.

अडलं ते तारखेला. आबा म्हणाले, आषाढात चिखल. जालिंदर म्हणाला, भाद्रपदात ऊन-पावसाचा खेळ. म्हाळू आप्पा म्हणाले, मार्गशीर्षात हाडं गोठतात, आणि फाल्गुनात नुसता फुफाटा. वर्ष संपलं, लग्नाला महिना मिळेना. शेवटी साखरबाई दारातून म्हणाल्या, "येत्या आयतवारी करा. हवा वाईटच हाय, पर ठावकी तरी हाय."

लग्न त्याच वैशाखात झालं. पाहुणे भाजून निघाले. एवढं समाधानी वऱ्हाड निमोण्यानं पाहिलं नव्हतं. प्रत्येकाला घरी जाऊन सांगायला काहीतरी होतं.

धुरपदा गेली आणि अंगण पोकळ झालं. आबा माझ्यावर बसत आणि उन्हाकडे नुसते बघत. म्हाळू आप्पा म्हणत, "उकडतंय," तर आबा म्हणत, "हूं." मला पुन्हा बाहत्तर सालासारखी धास्ती वाटू लागली. माझ्या कौतुकाचे दिवसही सरले होते. माझा सुंभ कोणी ताणत नव्हतं. दोन ठिकाणी तर तो तुटून लोंबायला लागला.

पण परवा मार्गशीर्षात लेक-जावई आले. सामान खाली ठेवतात न ठेवतात तोच अवकाळी सर कोसळली. झालं! सासरा-जावई पडवीत शेजारी उभे राहिले.

"बघा, मामा! ही काय पावसाची येळ?"

"सांगा तुम्हीच! कांदा आत्ता कुठं लावलाय!"

आबांच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी जोर आला होता. मला बरं वाटलं. पण मित्रांनो, हे सगळं मी ऐकत होते ते अंगणाच्या मध्यावर उभ्या पावसात. दोघं पावसाचा पाणउतारा करत होते, त्याचं सगळं पाणी मात्र माझ्यावर उतरत होतं. अखेर धुरपदा डोक्यावर पदर घेऊन धावली, मला एकटीनं ओढत पडवीत आणलं आणि दोघांच्या मध्ये आदळलं. "बसा हिच्यावर," ती म्हणाली, "आन् आता बोला खुशाल." दुसऱ्या दिवशी तिनं जालिंदरला खाली बसवून माझा सुंभ नव्यानं ताणून घेतला. तो ताणताना थंडीला बोलत होता.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. उन्हाला बोला, पावसाला बोला, वाऱ्याला तर जरूर बोला. तुम्ही बोलताय तोवर घर ठीक आहे, हे आम्हा लाकडांना कळतं. फक्त आभाळ भरून आलं की आधी आम्हाला आत घ्या. आभाळ तुमचं ऐकत नाही. आम्ही ऐकतो.