पार न गेलेला उजेड

"उजेड गेला पार, तर आत पाणी;
उजेड अडला, तर थांब गं राणी!"

मित्रांनो, हा आवाज माझ्या पहिल्या डॉक्टरांचा. मी उत्तनच्या दवाखान्यातली एक जुनी बॅटरी आहे, टॉर्च म्हणा हवं तर. डॉक्टर मला हातात धरून आपल्या लेकीला, निशिगंधाला, शिकवत. पुरुषाचं वृषण सुजलं, की अंधार करून मला सुजेला टेकवायचं. आत पाणी असेल, तर सूज जास्वंदीसारखी लाल उजळते. घट्ट गाठ असेल, तर काळोखच राहतो.

आता डॉक्टर नाहीत. त्यांच्या खुर्चीत निशिगंधा बसते.

होडीवरचा म्हातारा राघो आणि त्याची बायको शेवंती इथले जुने पेशंट. राघो यायचा आणि लेकीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंसमोर मान खाली घालून म्हणायचा, "घसा धरलाय."

"भांडते मी, आन् घसा याचा धरतो!" शेवंती हसायची.

मी घशात उजेड टाकायची. घसा नितळ. दुखणं होतं खाली, कमरेला नेसलेल्या रुमालात आवळून बांधलेलं, माझ्यापासून जेमतेम हातभर. तेवढी वळले असते तर! पण मला वळवणारं कुणी नव्हतं.

परवा राघोला स्टुलावर बसवेना.

"बस की नीट! सुरमईचा काटा घुसलाय का?" शेवंती म्हणाली.

तिला बाहेर पाठवून तो पुटपुटला, "जाळी वढून पानी उतरलंय थोडं. म्हातारपनी व्हतंच."

निशिगंधानं पडदा ओढला, दिवा मालवला, मला टेकवलं. उजेड पार गेला नाही. दुसऱ्या बाजूनं टेकवलं. काळोखच. माझे सेल नवे होते, मित्रांनो.

ती थांबली. "राघोकाका, हे पाणी वाटत नाही. गाठ आहे. तुमच्या वयात अशी गाठ क्वचितच होते, म्हणून सगळे पाणी समजून सोडून देतात. आजच सोनोग्राफी करा, रक्तही तपासू. कदाचित ऑपरेशन करून काढावी लागेल. कधीपासून आहे?"

"आताच... आठवडा झाला असंल."

मित्रांनो, घरातल्या आजोबांना सांगा, शरीराची कुठलीच जागा लाजण्याची नसते. उजेड आपणहून कुठे जात नाही हो. दुखतं तिथे बोट दाखवावं लागतं.

निशिगंधानं शेवंतीला आत बोलावलं, सगळं सांगितलं. शेवंतीनं राघोच्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. राघोनं तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच बघत राहिला.

"आठवडा न्हाय, शेवंते," तो म्हणाला. "दोन नारळी पुनवा झाल्या. तुज्यापासून पन लपवलं."