जोडीतला एक पॉपॉ

मित्रांनो, मी एक जुना पॉपॉ आहे. पपई आठवली ना? विसरा तिला, तिचं-माझं दूरचंही नातं नाही. आम्ही सीताफळाच्या कुळातले, पण अमेरिकेच्या रानात ओढ्याकाठी वाढणारे. पानं हातभर लांब, फळ हिरवं आणि आतला गर पिवळा, म्हणे आंबा नि केळं एकत्र कालवल्यासारखा. ‘म्हणे’ अशासाठी, की कित्येक वर्षं मला फळच धरलं नाही.

माझा जन्म रोपवाटिकेतला. एका नावाजलेल्या झाडाच्या मुळातून फुटलेला कोंब काढून मला तयार केलं. शेजारच्या कुंडीत वेगळ्या वाणाचा एक पॉपॉ होता. वारा आला की आमची पानं एकमेकांना लागायची, आणि मला ते फार बरं वाटायचं.

एका शनिवारी मॉरिसव्हिलहून सुभाषकाका आणि नंदाकाकू आले. काकूंचं गाव भंडाऱ्याकडचं, सीताफळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रोपवाटिकेच्या बाईंनी बजावलं, दोन घ्या, दोन वेगळ्या वाणांची, आणि जवळजवळ लावा. एकट्याला फळ धरत नाही. काकांना वाटलं, विकणारा दोन घ्याच म्हणणार! तरी काकूंच्या हट्टाखातर आम्ही दोघंही गाडीत बसलो.

घरी आल्यावर काकांनी काय करावं? मला मागच्या अंगणात डेकच्या, म्हणजे लाकडी ओट्याच्या, पायऱ्यांशी लावलं आणि माझ्या जोडीदाराला मनोहरकाकांना देऊन टाकलं. मनोहरकाका म्हणजे त्यांचे नागपूरच्या हॉस्टेलपासूनचे मित्र. ते बायकोला, लताकाकूंना घेऊन नोकरीसाठी टेक्सासात, अर्विंगला निघाले होते. निरोपाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? आपल्या माणसांनी दोन वस्तू घरात ठेवल्या तर शपथ! वाटून दिल्याशिवाय घास उतरत नाही. सवय चांगलीच आहे हो, घात तेवढा माझा झाला.

मी वाढलो, फुललो. माझी फुलं काळपट लाल, खाली मान घातलेली, वासही जरा कुजकाच. मधमाश्या फिरकत नाहीत, आमच्या परागाची ने-आण माश्या आणि किडे करतात. फुलं यायची ती नेमकी भीमजयंतीच्या दिवसांत. कार्यक्रमाला निघालेल्या काकू पांढऱ्या साडीत माझ्याजवळ थांबायच्या आणि म्हणायच्या, यंदा धरेल बघ. माझ्याबद्दल इतकं चांगलं दुसरं कुणीच बोललं नाही. मग फुलं गळायची, आणि काकू गुपचूप ती झाडून काढायच्या.

माझ्या मुळांतून कोंब फुटले, त्यांची झाडं झाली. लोक म्हणायचे, वा, केवढं गोकुळ! कसलं गोकुळ घेऊन बसलात? ती माझी पोरं नव्हती, तो मीच होतो, पुन्हा पुन्हा. माझ्या फुलाला माझा पराग चालत नाही, आणि त्यांचा पराग तोही माझाच. चहूकडे आपणच उभे असणं यासारखा एकटेपणा नाही, मित्रांनो. हरणंसुद्धा माझं पान हुंगून पुढे जातात.

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. अंत्यविधीला गावोगावचे लोक आले, मनोहरकाका आले नाहीत. सुभाषकाकांनी ते मनाला लावून घेतलं आणि त्यांना फोन करणं बंद केलं ते केलंच. मुलगी हर्षिता नोकरीसाठी हर्नडनला राहते. घरात काका एकटे, अंगणात मी एकटा. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांकडे बघत काढली, पण मला पाणी घालायचं काही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

यंदा मार्चमध्ये काकांनी मला काढून टाकायचं ठरवलं. झाडं तोडणारा माणूस येऊन माझ्या खोडाला नारिंगी फीत बांधून गेला. मला कळ्या आल्या होत्या, आणि त्या मी कुणासाठी आणल्या तेच मला कळेना. त्याच रविवारी काकांनी व्हिडिओ कॉलवर हर्षिताला मला शेवटचं दाखवलं. मी कसलं झाड, हे तिने जन्मात कधी विचारलं नव्हतं. तिने तिथल्या तिथे नेटवर शोधलं.

“बाबा, डोन्ट कट इट,” ती म्हणाली. “इट्स जस्ट अलोन. ह्याला दुसरं झाड लागतं, ह्याच्या फॅमिलीतलं नाही, वेगळं. तुम्ही दोन आणली होती ना?”

दुसरं झाड कुणाकडे आहे, ते काकांना पक्कं ठाऊक होतं. अर्विंग दक्षिणेकडे, तिथे फुलं आमच्याआधी येतात, म्हणजे तिकडे आत्ताच बहर असणार, आणि तो संपला की पुढच्या वर्षापर्यंत काही नाही. पुढचं वर्ष मला होतं कुठे? काका रोज डेकवर येऊन फोन हातात घ्यायचे आणि खिशात टाकायचे. मला ओरडावंसं वाटायचं, अहो, लावा तो फोन! शेवटी लावला. तोही कसा, तर ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा. तब्येत कशी, हवा कशी, लतावहिनी कशा, आणि हो, ते झाड आहे का रे अजून?

होतं. त्यालाही आजवर एकही फळ धरलं नव्हतं.

मनोहरकाकांनी पराग झटकून एका डबीत पाठवला. काकांनी ती फ्रिजमध्ये ठेवली आणि माझी फुलं उमलू लागल्यावर हर्षिताच्या लहानपणीच्या रंगाच्या ब्रशने एकेका फुलाला पराग लावला. इतक्या वर्षांनी मला माझ्या जोडीदाराचा स्पर्श झाला, आणि मी काय सांगू तुम्हाला, मी फांदीफांदीतून रडलो. नारिंगी फीत काकांनी त्याच दिवशी सोडली.

एक घोस धरला. सप्टेंबरात फळं मऊ झाली. आमचं फळ प्रवासाला टिकत नाही. चार दिवसांत काळं पडतं. तेव्हा काकांनी पुन्हा फोन केला, म्हणाले, पाठवता येणार नाही, यावं लागेल.

आज सकाळी मनोहरकाका आणि लताकाकू आलेत. डेकवर बसून तिघांनी चमच्याने गर खाल्ला. मग मनोहरकाकांनी चमचा खाली ठेवला.

“नंदावहिनी गेल्या तेव्हा मी एअरपोर्टपर्यंत आलो होतो, सुभाष,” ते म्हणाले. “तुझ्यासमोर काय बोलायचं, ते सुचेना. तिथूनच परत गेलो. मग लाज वाटली, आणि वाटतच राहिली.”

“काही बोलायचं नव्हतं रे,” सुभाषकाका म्हणाले. “नुसतं येऊन बसायचं होतं.”

आता दोघं आत गेलेत, आणि त्यांच्या हसण्याचा आवाज येतोय. नंदाकाकू गेल्यापासून या घरात मी तो ऐकला नव्हता. माझा जीव निवला, खरंच निवला.

पण मित्रांनो, एक घोटाळा झालाय. लताकाकूंनी बिया धुऊन स्टीलच्या ताटात पसरल्या आणि ताट उन्हात ठेवलं. गावी सीताफळाच्या बिया वाळवतात ना, तशा. वर फडकंही घातलं, पाखरांनी नेऊ नयेत म्हणून. केवढी ती माया! आमचं बी मात्र वाळलं की मरतं. ते ओल्या मातीत घालून हिवाळाभर थंडीत ठेवावं लागतं, तेव्हा कुठे रुजतं. त्या ताटात माझी मुलं आहेत. मी नव्हे, माझी मुलं, माझ्याहून वेगळी, पहिलीच.

मी फांद्या हलवतोय, पानं आपटतोय. आतल्यांना वाटतंय, वारा सुटलाय. एखाद्या जिवावर माया करायची तर त्याला काय लागतं तेही विचारून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं. तुमच्यापैकी कुणी सुभाष मेश्रामांना ओळखत असेल, तर कृपा करून आत्ताच फोन करा. उगाच तब्येत-बिब्येत विचारत बसू नका. सरळ म्हणा, काका, आधी ते ताट सावलीत घ्या.