पट्टीमागचं प्रकरण

सर्रर्र.

जाड कागदाची पट्टी पितळी सुरीनं कापली की असा आवाज व्हायचा. फार जुनी गोष्ट आहे. पण अजूनही जवळपास कुठं कागद फाटला, तर माझी पानं क्षणभर ताठ होतात. ती पट्टी माझ्याच अंगावर असायची, आणि तो आवाज आला की समजायचं, आता कुणाला तरी खुनी कोण ते कळणार.

मी रहस्यकथेचं एक जुनं पुस्तक बोलतोय. घाईनं बोलायची मला सवय नाही. माझ्या पोटात जेवढं छापलंय तेवढंच माझं शिक्षण. बाकीचं जे काही कळलं, ते माणसांच्या मांडीवर, उशीशेजारी आणि वाचनालयाच्या काउंटरवर पडून राहून.

जन्म छापखान्यातला. ओल्या शाईचा वास, दोऱ्याची शिवण, पाठीला डिंक, एवढंच आठवतं. ज्यानं मला लिहिलं त्याला मी कधी पाहिलं नाही. त्यानं मला तळ्याकाठचा एक बंगला दिला, आतून कडी लावलेली एक खोली दिली, आणि त्या खोलीत मरून पडलेला एक तुसडा म्हातारा दिला. गुप्तहेर मात्र त्यानं मला मनासारखा दिला. गुडघेदुखीनं बेजार झालेला माणूस. जिथं जाईल तिथं आधी खुर्ची मागणार, आणि एकदा बसला की समोरच्याचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणार. मालकीण असो की मोलकरीण, मध्ये तोडणार नाही.

बांधून झाल्यावर मी आलो ते थेट वाचनालयात. वाचनालय म्हणजे एक लांबोडकी खोली, शिंप्याच्या दुकानाला लागून. भिंतीपलीकडून शिवणयंत्राची घरघर दिवसभर ऐकू यायची. वाचनालय चालवणाऱ्यांना सगळे काका म्हणायचे, म्हणून मीही काकाच म्हणतो.

काकांचा एक नियम होता. रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण ते कधी मोकळं ठेवायचे नाहीत. त्या प्रकरणाची पानं एकत्र धरून बाहेरच्या कडेला तपकिरी कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. वाचत वाचत पट्टीपाशी आलात की पुस्तक घेऊन काउंटरवर यायचं आणि आपला संशय कुणावर आहे ते सगळ्यांदेखत सांगायचं. मग काका ड्रॉवरमधून वडिलांची पितळी सुरी काढून पट्टी कापायचे. शेवटचं प्रकरण तिथंच बाकावर बसून वाचायचं. मग पुढच्या वाचकासाठी नवी पट्टी.

लोक नावं ठेवायचे, म्हातारा खुळा आहे म्हणायचे, आणि पुन्हा यायचे.

"बोला, कोण?" काका सुरी हातात धरून विचारायचे.

"माळी," शेजारचा शिंपी म्हणायचा. त्याच्या गळ्यात कायम मापाची टेप लोंबत असे.

"अहो, तुम्हाला प्रत्येक पुस्तकात माळीच दिसतो."

"एखाद्यात तरी असेलच की! मी काही त्याला सोडणार नाही."

"पुरावा द्या, पुरावा," बाकावरचे मास्तर म्हणायचे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता सकाळ-संध्याकाळ आमच्याकडेच बसायचे. "नुसतं वाटून उत्तर येत नाही."

"तुम्ही बोलू नका मास्तर. मागच्या खेपेला तुम्ही मेलेल्या माणसावरच संशय घेतला होता."

पट्ट्या चिकटवायचं काम एका बाईकडे होतं. तिला सगळे पट्टीमावशी म्हणत. पुस्तकं झटकणं, फाटलेली पानं सांधणं, खळ शिजवणं, पट्ट्या लावणं, सगळं तीच करायची. तिचा अंगठा खरखरीत होता, पण पान उलटताना इतका हलका की मला गुदगुल्या व्हायच्या. सांधता सांधता ती मला वाचायचीही. मात्र पट्टीपर्यंतच.

"पुढचं नाही वाचत?" एकदा काकांनी विचारलं.

"मी पट्ट्या लावते काका, कापत नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखं, "तो माळी बिचारा. सगळे त्याच्याच मागं लागलेत."

नियम मोडून एवढं सांगतो: माळी नव्हता.

मला सगळ्यात जास्त वेळा कुणी नेलं असेल तर ते दवाखान्यातल्या सिस्टरनं. खुनी कोण ते तिला पाठ होतं, तरी न्यायची.

"सिस्टर, तुम्हाला तर सगळं माहितीये," काका हसायचे.

"माहितीये म्हणूनच नेते. आमच्या वॉर्डात माणूस जातो, आणि का गेला ते घरच्यांना धड कुणी सांगत नाही. सगळे आपले घाईत. इथं कसं, एकजण खुर्ची ओढून बसतो आणि सगळं सांगूनच उठतो. बरं वाटतं जिवाला."

माझ्यासारखी पुस्तकं लोक इतकी वर्षं का वाचतात, याचं याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

पुढं सिस्टरची दुसऱ्या गावी बदली झाली. जायच्या आधी तिनं मला शेवटचं वाचलं आणि परत दिलं. नेमकी त्या दिवशी पट्टीमावशी आली नव्हती. तिच्या मुलीला ताप होता. काकांनी सुरी खूण म्हणून माझ्या शेवटच्या प्रकरणात ठेवली, सिस्टरला निरोप दिला, मास्तरांशी काहीतरी वाद घातला, आणि बोलता बोलता स्वतःच खळ लावून माझ्यावर पट्टी चिकटवून टाकली.

सुरी आतच राहिली.

पातळ होती ती. मूठ नाही, काही नाही. पिंपळाच्या पानासारखं नुसतं पितळी पातं. मावशीच्या हाताला ते लगेच लागलं असतं. काकांच्या हाताला नाही लागलं. त्यांनी मला खालच्या फळीवर दाबून बसवलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शोधाशोध सुरू झाली. ड्रॉवर उपसला, सतरंजी झटकली, कपाट सरकवलं. काका रडवेले झाले होते. वडिलांची तेवढीच एक वस्तू त्यांच्याजवळ उरली होती.

"काका, हे आपल्यालाच सोडवायला हवं," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "इतकी पुस्तकं वाचलीत ती काय उगाच? चला, संशयित कोण कोण?"

आधी सगळी गंमत होती. शिंप्यानं स्वतःच खिसे उलटे करून दाखवले. मग मास्तर मावशीकडे वळले.

"हं मावशी, काल तुम्ही कुठं होता?"

"घरी. मुलीला ताप होता."

"साक्षीदार?"

"तापच की," मावशी म्हणाली, आणि सगळे खो खो हसले. तीही हसली.

पण तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आला. आणि त्यानंतर पुन्हा. ड्रॉवर कुठला, हे कुणाकुणाला माहीत होतं? खोली झाडायला सगळ्यांत आधी कोण येतं? मास्तर गणित मांडत गेले, आणि मांडता मांडता त्यांना ते खरंच वाटायला लागलं. ज्या दिवशी सुरी गेली नेमक्या त्याच दिवशी ही गैरहजर, म्हणजे आदल्या संध्याकाळीच नेली असणार, असं त्यांनी ठरवलं. त्या दिवशी सिस्टरची पट्टी त्याच सुरीनं कापली होती, हे बाकावर बसून पाहिलेलं ते साफ विसरून गेले होते. काकाही विसरले. हरवलेल्या वस्तूच्या मागं लागलेला माणूस शेवटचं काय केलं तेच विसरतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

काका तिला कधी काही बोलले नाहीत. फक्त ती जवळ आली की चष्म्याचं घर हातानं अलीकडे ओढून घ्यायचे. एवढंच. मावशीला कळायला तेवढं पुरलं.

तेव्हापासून संध्याकाळी घरी जाताना ती आपली पिशवी काउंटरवर ठेवायची आणि उघडून दाखवायची. कुणी सांगितलं नव्हतं. डबा, फडकं, घड्या घातलेली कागदी पिशवी. काकांनी "असू द्या हो मावशी" म्हणायला हवं होतं. ते पिशवीत बघायचे.

काम सोडणं तिला परवडणारं नव्हतं. आणि सोडलं असतं तर चोरीच कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून ती येत राहिली. बाकावरच्या गप्पांत बोलेनाशी झाली, चहा नको म्हणायला लागली. पट्ट्या मात्र पहिल्यासारख्याच सरळ.

मी खाली सगळं ऐकत होतो. ती ज्याच्यासाठी रोज पिशवी उघडत होती, ते माझ्या पोटात होतं. पुस्तकाला कुणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही. आणि मला कुणी उघडत नव्हतं. नेहमीच्या लोकांनी मला वाचलेलं होतं, नव्यांना नवी पुस्तकं हवी होती.

एकदा तिनंच मला बाहेर काढलं. हातात तोललं. "फुगलंय हे जरा," ती म्हणाली. "दमट झालं असेल." मग तिनं मला दोन जाडजूड पुस्तकांखाली दाबून ठेवलं, सरळ व्हावं म्हणून. मी इतका जोर लावला होता, की तेव्हा पट्टी आपोआप तुटायला हवी होती. पण तिनं लावलेली पट्टी कधी सुटत नसे, आणि नेमकी काकांनी लावलेली ही एकुलती एक पट्टीही तेवढीच पक्की निघाली.

मग एका संध्याकाळी, मावशी पिशवी दाखवून निघून गेल्यावर, सिस्टर परत आली. बदली होऊन पुन्हा याच गावी. आल्या आल्या तिनं मलाच मागितलं.

चार-पाच दिवसांनी ती पट्टीपाशी पोचली आणि काउंटरवर आली. मास्तर, शिंपी, सगळे होते. मावशी तेवढ्यातच घरी गेली होती.

"सुरी हरवली हो," काका म्हणाले आणि त्यांनी कात्री घेतली. पट्टी कापली, मला उघडलं, आणि सुरी टणकन काउंटरवर पडली.

 मग काकांनी कपाळावर हात मारला. "मीच! अरे देवा, मीच ठेवली होती!"

"बाप रे," शिंपी म्हणाला. "आणि आपण त्या बाईला..."

काय झालं ते सिस्टरनं विचारून घेतलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "काका, आत्ता मावशींच्या घरी जा. असेच उठा."

"घरी कशाला?" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा खुलला होता, दोन्ही एकदम. "बदनामी सगळ्यांसमोर झाली, तर माफीही सगळ्यांसमोर मागायची. उद्या सकाळी सगळ्यांना बोलावू. शेवटच्या प्रकरणासारखं!"

"वा!" मास्तर म्हणाले.

"त्यांना प्रकरण नको असेल काका," सिस्टर म्हणाली. पण तोवर मास्तर खुर्च्या मोजायला लागले होते.

आता माझी पाठ सैल झालीय आणि कव्हरला चिकटपट्टी आहे. वाचनालय बंद होताना सिस्टरनं मला मागून घेतलं. तिच्या पलंगाशेजारी मी असतो. तिची नात मला वाचते, शेवटचं पान आधी बघते आणि मग आजीची बोलणी खाते. माझी काही तक्रार नाही. मला वाचणाऱ्यांकडे एकच मागणं आहे. संशय घ्यायचा तर माझ्यातल्या माणसांवर खुशाल घ्या. ती कागदाची आहेत. त्यांचं जे गेलं असेल ते शेवटच्या प्रकरणात त्यांना परत मिळतं. माळ्याचा तर सगळे हात हातात घेतात, आणि तो हसून "चालायचंच" म्हणतो. त्याला तसंच लिहिलंय.

त्या सकाळचं सांगतो आणि थांबतो.

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मधल्या टेबलावर मी होतो आणि माझ्यावर फडक्याखाली झाकलेली सुरी. मावशी आली, दारातच थबकली. "कुणी येणारे का?" तिनं विचारलं.

"बसा मावशी, बसा," शिंप्यानं तिच्यासाठी खुर्ची पुढं केली. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

काकांनी गुडघा धरून कण्हल्यासारखं केलं, अगदी माझ्या गुप्तहेरासारखं, आणि सगळे हसले. मग ते एकेकाचं नाव घेऊ लागले. मास्तर, यांना ड्रॉवर ठाऊक होता. शिंपी, यांचं दुकान भिंतीला भिंत. "आणि मावशी," असं म्हणून ते थांबले. गोष्टीत थांबतात तसे. मावशीनं पिशवीचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"पण चोर यांपैकी कुणीच नाही!" काकांनी फडकं उचललं. "चोर मी!"

टाळ्या वाजल्या. "हात्तिच्या," शिंपी म्हणाला, "याही खेपेला माळी नाही!" मास्तरांनी सगळा खुलासा केला, सुरी कशी आत राहिली तो. काका खाली वाकून हात जोडून म्हणाले, "मावशी, चुकलं हो आमचं. फार चुकलं."

सगळे तिच्याकडे बघत होते. ती हसेल म्हणून त्यांनी तोंडं हसरी धरली होती. फक्त सिस्टर खाली बघत होती.

मावशीनं सुरीकडे पाहिलं, मग काकांकडे. पुष्कळ वेळ पाहिलं. शिवणयंत्र त्या दिवशी बंद होतं.

"मावशी, काहीतरी बोला की," काका म्हणाले.

ती उठली. खुर्ची तिनं नीट सरकवून ठेवली, मास्तरांच्या लांब केलेल्या पायांना वळसा घातला, आणि दारातून बाहेर पडून रस्त्यानं चालू लागली.