लेकीच्या दुकानातली कॉफी

रामलिंगअप्पा म्हणजे जुन्या वळणाचा माणूस. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही वाडवडिलांची रीत त्यांनी चार वर्षं हट्टाने पाळली. ऋतुजाचं विष्णुपुरीत, इंजिनिअरिंग कॉलेजजवळ कॉफीचं दुकान होतं. अप्पा हदगावहून एसटीने यायचे, लेकीचं तोंड बघायचे आणि तहान लागली की चक्क समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचे!

"अप्पा, हे दुकान हाय, घर न्हाई," ऋतुजा भांडायची.

"दुकान असू दे. चूल तुझीच हाय न्हवं?"

तरी प्रत्येक खेपेला ती कप समोर ठेवायचीच.

कॉफीचं त्यांना वावडं नव्हतं. हदगावच्या घरी जावई आले की दुधात जायफळ घालून व्हायचीच. कोण्या फकिराने अरबस्तानातून सात बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकातल्या डोंगरात लावल्या, ही ऋतुजाने सांगितलेली गोष्ट तर ते पारावर स्वतःची असल्यागत सांगत. सात बियांचा एवढा पसारा! शेतकरी माणूस, त्यांना त्याचंच भारी अप्रूप.

उन्हाळ्यात ऋतुजाला दिवस गेल्याचं कळलं आणि अप्पांनी गावभर पेढे वाटले. पोळा झाल्यावर ते आले ते घरची चिंच घेऊनच. ऋतुजाने नेहमीसारखा कप पुढे केला.

"आता कशाला घाई? नातू आला की त्याच्या हातानंच पितो बघ!" अप्पा मोठ्याने हसले.

ऋतुजा आत निघून गेली.

जावई श्रीशैल जवळ येऊन बसला. "मामा, मागच्या आठवड्यात पोट पडलं तिचं. दुसऱ्यांदा. तुम्हाला सांगायचा धीरच झाला न्हाई."

आपली जीभ का झडली नाही, असं अप्पांना वाटलं. चार वर्षं पोर एक कप पुढे करते आहे आणि आपण तिला रीत शिकवत बसलो. जळो ती रीत! त्यांनी कप उचलला आणि निवलेली कॉफी गटागटा पिऊन टाकली. साखर घालायचंही सुचलं नाही.

तोंड धुऊन ऋतुजा बाहेर आली. तिने रिकामा कप पाहिला.

"पिलो बघ, बाई. लई चांगली झालती," अप्पा म्हणाले. ती आता हसेल, निदान गळ्यात पडून रडेल, असं त्यांना वाटत होतं.

ती उभीच राहिली.

"तुम्ही तर थांबणार व्हता ना, अप्पा?" तिचा आवाज फाटला. "म्हणजे आता तुमची बी आस सुटली का?"

अप्पांनी रिकाम्या कपात पाहिलं. पोटात गेलेली कॉफी काही परत कपात येणार नव्हती.