वाइपुना ऊर्फ हॅरिसन्स बेंड

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, धुकट सकाळी मागच्या कुंपणाशी उभे राहून बाबा गावांची नावं म्हणत, आणि प्रत्येक नाव त्यांच्या ओठांवरून आधी शुभ्र वाफ होऊन निघे, मग शब्द होई. कुंपणापलीकडे शेजारच्या आरोहाबाई भाजीच्या आळ्यात वाकलेल्या असत. त्या माओरी; त्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच नदीकाठची. त्या एखादा स्वर लांबवून दाखवत आणि बाबा तो शिष्याच्या निष्ठेने झेलत. पामर्स्टन नॉर्थ आणि माओरीत ‘ते पापाइओइया’: आमच्या एकाच शहराची दोन नावं ते एका श्वासात घेत.

बाबांनी जन्मभर वाईला मोजणी खात्यात काम केलं होतं. "शेताला सरकारी गट नंबर असतो, आणि गावाने ठेवलेलं नावही असतं," ते म्हणत. "दोन्ही ठाऊक नसली तर बांध सापडत नाही." आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. शहराबाहेर ओढ्याचं एक वळण होतं, तिथे ते रोज चालत जात. पाटीवर कुण्या जुन्या गोऱ्या शेतकऱ्याचं नाव होतं, हॅरिसन्स बेंड. आरोहाबाईंचं नाव वाइपुना, झऱ्याचं पाणी. "वाई आली, पुणंही आलं," असं म्हणून ते लहान मुलासारखे हसत. मी लॅपटॉपमधून मान वर काढत नसे.

एकदा माझ्या ऑफिसची मंडळी जेवायला आली होती. बाबा प्रत्येक जागेची दोन-दोन नावं, प्रत्येक स्वर जपून, सांगत राहिले. कुणी हसलं नाही. लाज मलाच वाटली. "बाबा, एकच नाव घ्या ना," मी सगळ्यांदेखत मराठीत म्हटलं, "तुमची ही पोपटपंची कुणाला ऐकायची नाहीये."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "बरं. एकच घेतो."

कोणतं, हे मी विचारलं नाही.

पुढल्याच हिवाळ्यात एका दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना, त्यांचा फोन आला.

"घसरलोय गं. पाय हलत नाहीये. पाण्यातच आहे."

"कुठे आहात?"

"वाइपुनाला."

"इंग्रजी नाव सांगा, बाबा!"

पलीकडे नुसतं पाणी वाजत होतं. मग अपराध्यासारखा आवाज आला, "ते सोडलं ना गं मी. आता येत नाही ओठांवर."

"मग नीट आठवा!" मी ओरडले. फोन बंद पडला. त्यांच्याशी माझं ते शेवटचं बोलणं.

दोन्ही नावं कितीदा माझ्या कानांवरून गेली होती, मी एकही ऐकलं नव्हतं. फोनवरच्या नकाशाने शहराच्या दुसऱ्या टोकाची वाइपुना नावाची गल्ली दाखवली. अ‍ॅम्ब्युलन्स मी तिकडेच धाडली, मीही तिकडेच धावले, आणि तासभर नीटनेटक्या हिरवळींमधून बाबांना हाका मारत फिरले. शेवटी घरी परतून आरोहाबाईंचं दार ठोठावलं. माझं वाक्य पुरं होण्याआधीच त्या अंगातल्या एप्रनसकट गाडीत येऊन बसल्या. "हॅरिसन्स बेंड," त्या म्हणाल्या. "चल."

हिवाळ्याचं तिरकं, पिवळं ऊन पाण्यावर निवत चाललं होतं. बाबा कमरेपर्यंत ओढ्यात होते. एक हात काठाच्या गवतात रुतलेला, आणि बंद पडलेला फोन कोरड्या दगडावर जपून ठेवलेला. चेहऱ्यावर वेदनेपेक्षा संकोच अधिक होता, एखाद्या सभ्य माणसाने उगाच कुणाचा वेळ घेतला असावा तसा.

आरोहाबाई चिखलात गुडघे टेकून आपल्या माओरी भाषेत दीर्घ, आर्त स्वरात काही म्हणत राहिल्या. मग डोळे पुसून त्यांनी मला विचारलं, "त्याने तुला जागेचं नाव सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

त्यानंतर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

वाईच्या नातलगांना मी कळवलं, की बाबा अनोळखी मुलखात वाट चुकले. सगळ्यांना ते पटलं. म्हाताऱ्या माणसाचं व्हायचंच असं, असं म्हणून त्यांनी माझंच सांत्वन केलं. त्याला आता चार हिवाळे उलटले. गेल्या वसंतात आरोहाबाईही वारल्या, आणि आपण कुठे आहोत हे बाबांना अखेरपर्यंत ठाऊक होतं, याची साक्ष देणारं माझ्याखेरीज कुणी उरलं नाही. आणि हल्ली, काळ जसजसा दाट होत जातो तसतसे, माझ्याही आठवणीत बाबा वाट चुकलेलेच दिसू लागले आहेत.