सरपंचांचे अकरा हजार मेसेज

बारामतीत एसटी स्टँडच्या जवळ आमचं मोबाइलचं दुकान आहे. विक्री माझे मिस्टर अल्ताफ बघतात, दुरुस्ती मी. लोकांना हे उलटं वाटतं. आलेला माणूस फोन माझ्यापुढे ठेवतो आणि विचारतो, "कारागीर कुठं गेला?" आठ वर्षं हे ऐकतेय. आता मी वर न बघताच म्हणते, "बसा."

भीमराव गवारे बसला नाही. इंदापूर तालुक्यातल्या करंजमळ्याचा हा माणूस. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कानाला फोन. "हा साहेब, हा साहेब, करून टाकतो," असं मोठ्यानं बोलत तो दुकानात शिरला, साहेबांना रामराम घातला आणि फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ह्याचा आवाजच येत न्हाय बघा. तीन दिस झालं, काय सुदिक ऐकू येत न्हाय."

मी फोन उघडून पाहिला. स्पीकर गेलेला होता, माईकही गेलेला होता. मघाचे साहेब कुठून बोलत होते हे मी विचारलं नाही. अल्ताफनं तेवढ्यात त्याला दुकानातला सगळ्यात मोठा फोन दाखवला आणि तो त्यानं लगेच घेतला. फोन चांगला की वाईट हे त्यानं विचारलं नाही. "ह्याच्यापेक्षा मोठा न्हाय ना कुणाकडं?" एवढंच विचारलं.

त्याच्या मागून एक बाई आत आल्या होत्या. चाळिशीच्या, अंगावर साधी हिरवी साडी, हातात पिशवी. त्यानं मान वळवून बोटानं दाराजवळचं स्टूल दाखवलं, आणि त्या तिथं बसल्या. त्या कोण, हे त्यानं सांगितलं नाही. पिशवी कोण हे कुणी सांगतं का, तसं.

"मी सरपंच हाय," तो मला म्हणाला. "जुन्यातलं मेसेज सगळं नव्यात पायजेत. एक बी मागं राहता कामा न्हाय."

"व्हॉट्सॲपचे ना?"

"ते तर आलंच. पण साधं मेसेज मेन हायेत. सायबांचं, पीएचं, वाढदिवसाचं. आपल्याला कोण कोण इचारतं त्याचा पुरावा असतो तो."

अकरा हजार चारशे बारा मेसेज होते. मी दोन्ही फोन शेजारी ठेवले, जुन्यातल्या मेसेजचा बॅकअप घेतला, तो नव्यात पाठवला आणि उतरवायला लावला. ते होईस्तोवर यादी डोळ्यांपुढून जात होती. त्यातले नऊ हजार तरी कंपन्यांचे. तुमचा डेटा संपत आला आहे. अभिनंदन, आपण निवडले गेला आहात. एका सिमेंट कंपनीनं 'प्रिय ग्राहक' म्हणून पाठवलेल्या दिवाळीच्या शुभेच्छा त्यानं चार वर्षं जपल्या होत्या, आणि प्रत्येक वर्षी उलट उत्तरही दिलं होतं: 'आपणांसही सहपरिवार शुभेच्छा. आपला, भीमराव (सरपंच).' यंत्रानं पाठवलेल्या मेसेजला एवढ्या आदरानं उत्तर देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाऊण तास लागला. पूर्ण वेळ तो उभा राहून अल्ताफला गावचं राजकारण समजावत होता. शेवटी म्हणाला, "दाखीव. आलं का सगळं?"

मी नव्या फोनमधला एक मेसेज उघडला. ग्रामसेवकाचा होता. 'मा. सरपंच सौ. कौसल्याताई, सोमवारी तालुक्याला बैठक आहे. आपण स्वतः उपस्थित राहावे.' खाली उत्तर: 'माझे गुडघे धरले असल्याने मला चालता येत नाही. माझे पती येतील. सौ. कौसल्या.'

मी दाराकडे पाहिलं. बाई स्टुलावरून उठून चवड्यांवर बसल्या होत्या आणि काचेच्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या फळीवरची कव्हरं न्याहाळत होत्या. मग हात न टेकता सहज उठल्या.

"सरपंच ह्या आहेत का?" मी विचारलं.

"कागदावर," तो म्हणाला. "बायकांची जागा पडली, मग काय करतो? कुणाला तरी उभं करायलाच लागतंय."

"जुना फोन कुणाला देणार? दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तर त्यातले मेसेज पुसून देते. आम्ही तसंच सांगतो सगळ्यांना."

तो हसला. "दुसऱ्याच्या कुठं, हिच्याच हातात जाणार हाय. आवाजाचं तेवढं नीट कर. बाकी ऱ्हाऊ दे तसंच. हिला काय वाचायचंय? फोन आल्यावर हिरवं बटन दाबता आलं म्हंजी बास."

मी त्याला टोकलं नाही. त्यानं एवढा मोठा फोन घेतला होता, आणि गिऱ्हाईक नाराज करायचं नाही हे मला लग्नाच्या आधीपासून शिकवलेलं आहे. मी त्याचं सीम नव्या फोनात घातलं, जुन्याचा स्पीकर आणि माईक बदलला, बाईंच्या साध्या फोनातलं सीम त्या जुन्या फोनात घातलं आणि दोन्ही हातांनी तो त्यांना दिला. त्या दिवशी त्या माणसाची मला जेवढी किळस आली, त्यातली थोडी माझ्याही वाट्याची होती.

तीन आठवड्यांनी बाई एकट्या आल्या. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. स्टुलावर न बसता त्या सरळ माझ्या टेबलापाशी आल्या आणि फोन पुढे ठेवला.

"ताई, तुमी त्या दिवशी पुसू का म्हणलात, ते ह्याच्यासाठीच ना?"

"वाचलेत तुम्ही?"

"धाव्वी पास हाय मी. सोमेश्वरनगरच्या शाळेत निबंधात पयला नंबर होता माझा. ह्यांनी कधी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "चार वर्सात किती येळा आजारी पडली म्हायतीये मी? एक्केचाळीस येळा. टायफड, गुडघं, डोळ्याचं आपरेशन. माझी आई दोनदा मेली. एकदा आखाडात आन एकदा दिवाळीच्या आदल्या दिवशी. आज सकाळीच फोन आलता तिचा, लोणचं घातलंय म्हणून."

मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही आवरलं.

"मला वाटायचं, ह्यो माणूस लबाड हाय पण हुशार हाय," त्या म्हणाल्या. "सगळं वाचल्यावर कळलं, हुशार बी न्हाय. एकाच सायबाला माझी आई दोनदा मारून दावली. आठवत सुदिक न्हाय त्यांना, काय खोटं बोललो ते. अशा माणसाला घाबरून मी चार वर्सं गप बसली."

मग त्यांनी एक मेसेज उघडून माझ्यापुढे धरला. त्यांच्या गावातली अंगणवाडीची बाई म्हाळसा हिचा होता. ही आणि कौसल्याताई एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींच्या उशाशी बसलेल्या. म्हाळसानं लिहिलं होतं, 'कौसे, अंगणवाडीचं छप्पर गळतंय, पोरं ओल्यात बसत्यात. तू सरपंच हायेस, कायतरी कर.' खाली उत्तर: 'फालतू कामासाठी सरपंचांना मेसेज करू नये. आपली पायरी ओळखून राहावे.' त्या मेसेजला दोन वर्षं झाली होती.

"दोन वर्सं ती माझ्याशी बोलत न्हाय," कौसल्याताई म्हणाल्या. "हळदीकुंकवाला आली न्हाय. रस्त्यात दिसली तर तोंड फिरवायची. मी म्हणायची, मी सरपंच झाली म्हणून हिच्या पोटात दुखतंय. मी बी तोंड फिरवायची."

"दाखवलात का तिला?"

"काल गेली हुती. फोन तिच्या हातात दिला. तिनं वाचलं, परत वाचलं. मग म्हणली, तुजा नवरा अडाणी हाय हे ठावं हुतं, पण तुजा फोन त्याच्याकडं असतुया हे तू मला एकदा तरी सांगायचं हुतं. बरोबरच बोलली. मी लाजत हुती ना सांगायला."

त्यांनी फोन पिशवीत ठेवला. "आता मला पुढचं मेसेज पायजेत. नवीन येत्यात ते त्यांच्या फोनात जात्यात. ते माझ्या फोनात कसं यायचं?"

"तो नंबर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. इलेक्शनचा फारम भरताना घेतला हुता. अंगठा मी दिलाय, फोटो बी माझाच हाय."

मी आधार कार्ड मागितलं. त्यांनी ते ब्लाउजमधल्या पाकिटातून काढलं, घडी न पडलेलं. मी त्यांना नीट समजावलं: त्याच नंबरचं दुसरं सीम निघतं, ते सुरू झालं की जुनं बंद पडतं, पहिले चोवीस तास मेसेज येणार नाहीत, मग सगळे इथंच येतील. आणि घरी काय होईल ते तुम्ही बघा, ते माझ्या हातात नाही.

"घरी काय व्हायचं ते हून जाऊ द्या," त्या म्हणाल्या आणि अंगठा मशीनवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भीमराव आला. आल्या आल्या फोन चार्जरसकट टेबलावर आपटला. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती.

"खराब माल दिलाय तुमी! कालपासनं रेंज न्हाय. सगळी कामं खोळंबल्यात."

मी फोन हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, पुसला आणि परत ठेवला. "फोन उत्तम आहे. सीम बंद झालंय."

"बंद कसं हुईल?"

"ज्यांच्या नावावर आहे त्यांनी दुसरं घेतलं."

"कुणाच्या नावावर?"

"सरपंचांच्या."

"आवो मीच सरपंच हाय!" तो ओरडला.

"मग तसं आधार दाखवा," मी म्हणाले. "सौ. कौसल्या भीमराव गवारे, स्त्री, असं लिहिलेलं. अंगठा जुळला तर आत्ता चालू करून देते."

मागे उभ्या असलेल्या एकानं तोंडावर रुमाल धरला. भीमरावानं अल्ताफकडे पाहिलं. पुरुष पुरुषाची बाजू घेईल असं त्याला वाटलं असावं. अल्ताफ हिशेबाच्या वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, "दुरुस्तीचं तीच बघती."

भीमरावानं आपली ओळख कुठपर्यंत आहे ते सांगितलं, दुकानाला कुलूप लावायची भाषा केली. मी म्हणाले, लावा फोन कुणाला लावायचा तो. त्याच्या हातात तो भला मोठा फोन होता आणि कुणालाच लागत नव्हता. तो गेला. जाताना चार्जर विसरला; पाठोपाठ माणूस पाठवून मी तो दिला, उगाच त्याला परत यायला कारण नको.

पुढचं मला कौसल्याताईंनी सांगितलं. घरी दोन दिवस आदळआपट झाली. ताट फेकलं, माहेरी जा म्हणाला. त्यांनी सांगितलं, जाते की, आईच्या तिसऱ्या दहाव्याला. तिसऱ्या दिवशी तो गोड झाला, म्हणाला सीम दे, फोन तू वापर. त्यावरही त्या नाही म्हणाल्या.

ग्रामसभेच्या दिवशी तो नेहमीप्रमाणे मधल्या खुर्चीवर जाऊन बसला. कौसल्याताई म्हाळसाबरोबर आल्या. चार माणसांदेखत त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उठा."

"हिला बोलता येत न्हाय, मी सांगतो," तो लोकांना म्हणाला.

तेव्हा त्यांनी फोन काढून त्याची उत्तरं वाचायला घेतली. तारखेसकट. टायफॉइडपर्यंत लोक गप्प होते. सासू दुसऱ्यांदा मेली तेव्हा मागच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "भीमा, आमाला मातीला तरी सांगायचं हुतंस." मग जे हसणं सुटलं ते ग्रामसेवकानं टेबल वाजवूनही थांबेना. भीमराव उठला, धोतर नसताना धोतर सावरल्यासारखं केलं आणि निघून गेला. पांढरे कपडे घालून तो अजून गावात फिरतो. कुणी सरपंच म्हणून हाक मारलीच तर आता त्याला आधी बघावं लागतं, हाक मारणारा हसतोय की नाही.

अंगणवाडीचं छप्पर झालं. म्हाळसा बोलते, पण पूर्वीसारखी दुपारची उठून घरी येत नाही. कौसल्याताईंना त्याचं वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात इंदापूरहून त्यांचा फोन आला. सरपंचांच्या कसल्याशा बैठकीला त्या एकट्या एसटीनं गेल्या होत्या.

"ताई, हितं आठ गावच्या सरपंच बाया येणार हुत्या. मी सोडून समदे नवरे आल्यात. पांढरे कपडे घालून वळीनं बसल्यात."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी जाऊन बसली. तर त्यातल्या एकानं चहाचा ट्रे माझ्याकडं सरकवला. म्हणतो, वयनी, तेवढं वाटा सगळ्यास्नी."

"वाटलात?"

"माझा कप उचलला," त्या म्हणाल्या, "आन ट्रे त्याच्याकडं सरकवला. म्हणली, भावजी, तुमची मंडळी आजारी असत्याल ना? मग त्यांच्या वाटणीचं तुमीच करा." मागे कुणीतरी त्यांचं नाव पुकारलं, आणि त्यांनी घाईनं फोन ठेवला.