ओवाळणी उलटून बघू नये

"भावानं ताटात टाकलेलं उलटून बघायचं न्हाय, बाई. नोट असू दे, लुगडं असू दे, न्हायतर नुसती सुपारी असू दे. कपाळाला लावायचं आन् पदराआड घ्यायचं."

सारजाबाई दर भाऊबिजेला हे बजावायच्या. खरं तर बजावायची गरज नव्हती. लेक शब्दाबाहेर जाणारी नव्हतीच. एका वर्षी धाकट्या भावानं, इंद्रजितनं, गंमत म्हणून रिकामं पाकीट ताटात टाकलं होतं आणि गालात हसत बसला होता. स्वरूपानं तेही कपाळाला लावलं होतं.

यंदा मात्र त्यानं ताटात खोकं ठेवलं. एवढं थोरलं की निरांजन बाजूला सरकवावं लागलं आणि करंड्यातलं कुंकू सांडलं.

"उघड की अक्का."

आत चंदेरी पिशवीत मदरबोर्ड होता. प्रोसेसर आधीच बसवलेला, त्याच्यावर इवलासा पंखा अडकवलेला.

"पेंटियम हाय. एमएमएक्स. तुझं ते चारशे शहाऐंशीचं गाडगं आता टाक उकिरड्यावर. पुण्यात लोक रांगा लावत्यात ह्याला."

माहेरच्या, वरकुट्याच्या त्या माजघरात पेंटियम म्हणजे काय हे दोघांनाच कळत होतं, आणि त्यातही कुणी कुणाला शिकवलं हे सारजाबाई सोयीनं विसरल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी बारामतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स लावला होता तो स्वरूपानं. पोरीला एकटी एसटीनं कशी पाठवायची, म्हणून बारावीला नापास झालेला इंद्रजित सोबतीला जायचा. मागच्या बाकावर शेंगा फोडत बसायचा. घरी आल्यावर तीच त्याला सांगायची, "इंद्रा, तीन जागी वाचायचं. चिपच्या पोटावर, बोर्डाच्या कडेला आन् पॉवर सप्लायच्या पाठीवर. चिप म्हंजे पाव्हणा, बोर्ड म्हंजे चूल, सप्लाय म्हंजे कणगी. पाव्हण्याला काय पचतं, चुलीवर काय शिजतं आन् कणगीत किती हाय, ह्या तिन्हींचा मेळ बसला तरच बटन दाबायचं."

कोर्स संपला. स्वरूपाचं बारामतीत लग्न झालं. इंद्रजितला पुण्यात कॉम्प्युटर जोडायच्या दुकानात नोकरी लागली. "पोरगं हुशार हाय माझं, बघून बघून शिकलं," सारजाबाई गावभर सांगत सुटल्या.

तर त्या ताटासमोर स्वरूपाची नजर सवयीनं बोर्डाच्या कडेला गेली. पांढऱ्या बारीक अक्षरांत व्होल्टेजचा तक्ता छापलेला होता. दोनच ओळी: तीन पॉइंट तीन आणि तीन पॉइंट पाच.

"इंद्रा, एमएमएक्सला दोन पॉइंट आठ लागतं ना रं? ह्या बोर्डावर तर त्याची सोयच..."

"आये, बघ तुझ्या लेकीचं! ओवाळणी तपासाया लागली."

"स्वरूपा!" सारजाबाईंचा आवाज चढला. "सणासुदीचं भावाचं मन मोडतीस?"

चिपचा आकडा चिपच्या पोटावर असतो. तो वाचायचा तर पंखा काढून, चिप उपसून ती उलटी करायला हवी. म्हणजे नेमकं जे करायचं नाही तेच. स्वरूपानं खोकं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जाता जाता इंद्रजित बारामतीत उतरला आणि बोर्ड त्यानंच तिच्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसवला. जुना बोर्ड प्रोसेसरसकट आपल्या बॅगेत कोंबला. पॉवर सप्लाय मात्र होता तोच ठेवला.

"हा पुरंल का रं?" तिनं विचारलं.

"पुरतोय की. तू लई भितीस अक्का. लगीन झाल्यापास्नं भित्री झालीस."

पडदा उजळला. इंद्रजित चहा पिऊन गेला.

स्वरूपाच्या सासरच्या पुढच्या खोलीत हा एकच कॉम्प्युटर होता, आणि तिच्यापाशी चार मुली शिकायला येत होत्या. त्यातल्या तीन पोरी हौसेच्या. चौथी मनिषा. ती लोणी भापकरहून यायची, आणि हौसेनं येत नव्हती. साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मुली घेणार होते. परीक्षा दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी, तीही विंडोजवर आणि मराठी टायपिंगची. जुन्या यंत्रावर विंडोज धापा टाकायचं, म्हणून तर स्वरूपानं भावाकडं थोडी मेमरी तेवढी मागितली होती. त्यानं सगळंच बदलून दिलं.

मनिषाचे वडील हिंदुराव पहिल्या दिवशी स्वतः सोडायला आले होते. जोड्यांसकट उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी सांगून टाकलं होतं, "बाईमाणूस शिकवतंय म्हणून धाडतोय. दुसऱ्या क्लासात पोरंच पोरं, तितं न्हाय पाठवायचा. कारखान्यात लागली तर लागली. न्हाय तर वाखरीचं स्थळ आलंय, माघात उरकून टाकतो."

मनिषा मान खाली घालून कीबोर्डकडं बघत होती. ते गेल्यावर स्वरूपानं तिची बोटं हातात घेऊन कळांवर ठेवली होती. "परीक्षेला बसशील त्याच्या आत तुझा हात मी बसवून देईन. माझा शब्द हाय."

स्वरूपाचा शब्द म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुवारचा उपास ती तापातही मोडत नसे. सकाळी देवापाशी दिवा लावल्याशिवाय पाणी पीत नसे. जाऊ दे, एक दिवसानं काय होतं, असं म्हणणाऱ्याला ती नुसतीच हसायची.

नव्या बोर्डावर मनिषाचा हात भराभर उघडत गेला. पण पंख्याच्या तोंडाशी हात नेला की वाफ लागावी तशी ऊब यायची. एका दुपारी मुली गेल्यावर स्वरूपानं डबा उघडला, पंख्याच्या कडीवर नखही लावलं. कडी जरा दाबली असती तर सुटली असती. "उलटून बघायचं न्हाय, बाई." तिनं नख काढून घेतलं आणि झाकण लावलं. देवाला सांगितलं, गुरुवारपर्यंत तेवढं सांभाळ.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मनिषा जादा सरावाला आली. कारखान्याच्या गाड्या सुरू झाल्या होत्या, उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकून तिची एसटी उशिरा पोचली होती. धापा टाकतच ती यंत्रापुढं बसली. ऊसतोडीच्या टोळ्यांची नावं टाइप करत होती आणि हसत होती. "ताई, ह्या मुकादमाचं नाव बघा, बोटाला गाठ पडली माझ्या."

तोच डब्यात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. पडदा काळा पडला. मागच्या जाळीतून धुराची बारीक शेपटी निघाली आणि खोलीत जळक्या रबराचा वास पसरला.

स्वरूपानं भिंतीतली पिन उपसली. मनिषा दोन्ही हात हवेत धरून तशीच बसून राहिली होती, जणू तिनंच काही मोडलं होतं.

"ताई, मी काय केलं न्हाय हो. मी नुसती वेलांटी दिली."

"तुझं काय न्हाय गं बाई. तू घरी जा. मी बघते."

ती गेल्यावर स्वरूपानं पंखा काढला, चिप धरून ठेवणारा खटका उचलला आणि चिप उपसून तळहातावर उलटी केली. पोटावर, पिनांच्या मधोमध, स्वच्छ छापलेलं होतं: दोन पॉइंट आठ. चुलीला माहीतच नसलेलं अन्न. बोर्डाचा एक कोपरा करपून तपकिरी झाला होता. सप्लाय उघडला तर आतला कपॅसिटर फुगून फुटलेला. त्याच्या पाठीवरचा आकडाही तिनं आता वाचला. जुन्या यंत्रापुरताच होता तो बिचारा. तीन जागी वाचायचं होतं. तिन्ही जागा आता वाचून झाल्या होत्या.

दारात सासूबाई, शकुबाई, नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

"काय जळालं गं?"

"कॉम्प्युटर, आत्या."

"म्हायेरचा ना? व्हय, म्हायेरचाच. दिवाळीचा आकाशकंदील तरी अजून वर टांगलेला हाय आमचा. तुझ्या भावाची ओवाळणी त्याच्या आधी इझली!"

स्वरूपानं धूर जायला खिडकी उघडली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. इंद्रजितच्या घरमालकाकडं फोन होता. दिवाळीनंतर आई लेकाकडं राहायला गेल्या होत्या.

"इंद्रा, जळलं रं सगळं."

तो म्हणाला, "लई लौकर गेलं की."

"लौकर? म्हंजे जाणार हे तुला ठावं होतं?"

"तसं न्हाय गं. गिऱ्हाइकाचा माघारी आलेला माल होता. चिप चांगली, बोर्ड चांगला. नुसती जोडी जुळत न्हवती. म्हटलं, चाललं तेवढं चालंल. कुणाकुणाचं वर्षभर बी चालतं."

"माझा जुना बोर्ड तरी पाठव. उद्याच्या एसटीत कुणाकडं तरी दे. पोरीची गुरुवारी परीक्षा हाय."

"तो कवाच एका पार्टीच्या मशिनीत गेला. चालू माल कोण ठेवतंय?"

"चालू होता ना तो? मला तर उकिरड्यावर टाक म्हणलास."

"हे बघ अक्का," तो आता सरसावून म्हणाला, "तूच मला शिकवलंस ना, तीन जागी वाचायचं? मग वाचलं का न्हाईस? आन् ओवाळणी होती ती. तू काय दुकानात येऊन पावती फाडली होतीस का?"

काचेच्या दारापलीकडं रांगेतला माणूस घड्याळ दाखवू लागला. फोनवर आई आल्या.

"स्वरूपा, भावाला बोल लावू नको. पोराचं तोंड उतरलंय हितं. तुझ्या सासूला सांग, लायटीचा दाब वाढला आन् जळालं. कोण बघाया येतंय?"

"आई, मी आत्ताच दिवा लावून आले."

"मग काय झालं? देवाला कळतं बाईमाणसाची अडचण."

स्वरूपानं रिसीव्हर खाली ठेवला. मीटरवरचे लाल आकडे पुसले गेले. घरी येईपर्यंत तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती: ते रिकामं पाकीट. तेव्हा तो हसत होता आणि तिला वाटलं होतं, भाऊ लाडात आलाय. पाकीट रिकामं आहे हे त्याला माहीत होतं. ती काही उघडून बघणार नाही, हेही माहीत होतं. पोरगं बघून बघूनच शिकलं होतं, आई खोटं बोलत नव्हत्या.

जेवणं झाल्यावर शकुबाईंनी पुन्हा विषय काढला. "मग? काय म्हनला भाऊ? कशानं जळालं म्हनं?"

लायटीचं नाव जिभेच्या टोकापर्यंत आलं. भावाचंही आलं. स्वरूपानं दोन्ही गिळली.

"मी वाचलं न्हाय, आत्या. आकडा छापलेला होता. मला वाचायला येतं, तरी मी वाचला न्हाय."

शकुबाईंना हे पटलं नाही, पण यात टोमणा कुठं मारायचा तेही कळेना. त्या ताट उचलून मोरीकडं गेल्या.

सोमवारी सकाळी स्वरूपा बाजारातल्या दोन दुकानांत जाऊन आली. जुळणारा बोर्ड पुण्याहून मागवावा लागेल, शुक्रवारच्या आत येणार नाही, असं दोघांनीही सांगितलं. दुसऱ्या क्लासच्या दारावरनं ती नुसतीच पुढं आली; हिंदुराव तिथं पाठवणार नव्हते. दुपारी मनिषाची वेळ झाली, एसटी येऊन गेली, पण मनिषा आली नाही. त्याच गावची दुसरी एक मुलगी सांगून गेली, मनिषा घरीच हाय, यंत्र जळालं तसा बापानं क्लास थांबवलाय, उद्या वाखरीची माणसं येणार म्हणून भिंती सारवतीय.

स्वरूपा मेलेल्या यंत्रापुढं बसली. करपलेला बोर्ड, फुटलेला सप्लाय, टेबलावर पालथी पडलेली चिप. ती पुन्हा सुलटी करावी असं तिला वाटलं नाही. कीबोर्ड तेवढा डब्याबाहेर होता, त्याला काही झालं नव्हतं. तिनं सहज बोटं ठेवली. पडद्यावर काही उमटलं नाही, पण वेलांटी कुठं आणि काना कुठं, हे बोटांना पडद्याशिवायही कळत होतं. मनिषाच्या बोटांना अजून पुरतं कळत नव्हतं. तेवढंच तर राहिलं होतं.

तिनं कीबोर्डची वायर मागून सोडवली. ओल्या फडक्यानं एकेक कळ पुसली, धुराची काजळी निघाली. वायरीचं वेटोळं करून सगळं जुन्या धुवट पंच्यात गुंडाळलं आणि कापडी पिशवीत घातलं. वर हळदीकुंकवाची पुडी ठेवली. देवाला हात जोडले आणि चपला पायात सरकवल्या.

"आता ह्या येळंला कुठं?" शकुबाईंनी ज्वारी पाखडता पाखडता विचारलं.

"लोणी भापकरला."

"पिशवीत काय हाय?"

"कीबोर्ड."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं न्हाय, आत्या."

शकुबाईंचं सूप हातातच थांबलं. "नुसती बटनं घेऊन जातीस? येडी का खुळी? लोक हसतील की."

"हसू देत."

"हिंदुराव दारात उभं करंल का तुला?"

"उंबऱ्यावर बसून शिकवीन."

ती स्टँडवर पोचली तेव्हा गाडी लागलेलीच होती. खिडकीशी जागा मिळाली. पिशवी वर फळीवर टाका, कंडक्टर म्हणाला. स्वरूपानं मान हलवली आणि पिशवी मांडीवरच धरली, कळा वरच्या बाजूला येतील अशी.